यंत्राचं नाव छापता, वाजवणाऱ्याचं कोण छापणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले दोनेक महिने तुमच्या रविवारच्या पुरवणीत एआय आणि संगीत यावर काही ना काही येतंय, कधी मशीन चाली लावणार तर संगीतकारांनी करायचं काय, कधी गेलेल्या गायकाचा आवाज परत आणला, आणि परवाच्या लेखात तर सरळ लिहिलं होतं की आपल्या संगीतात तंत्रज्ञान खऱ्या अर्थानं आत्ता शिरतंय. ते वाचलं आणि राहवेना, म्हणून हे पत्र. लांब होणार आहे हे आधीच सांगतो, कात्री लावायची तर माझ्या गप्पांना लावा, पण त्यात जी नावं येतील ती कृपया कापू नका, कारण सगळं भांडण नावांचंच आहे.

मी ऐंशीच्या दशकात एका हौशी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. म्हणजे लोक त्याला 'कॅसिओ' म्हणायचे, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. गणपतीत, लग्नाच्या रिसेप्शनला, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायचो. त्यामुळे 'मशीन आलं आता वादक संपले' हे वाक्य मी स्वतः स्टेजवर उभं राहून ऐकलंय, आणि माझ्याकडे बघूनच म्हटलेलं. आमच्याकडे एक पेटीवाले काका होते, त्यांना आयोजकांनी एकदा सांगितलं की आता हा पोरगा सगळंच एकटा वाजवतो, तुम्ही नाही आलात तरी चालेल. काका तरीही आले, कोपऱ्यात बसले. तिसऱ्या गाण्याला मांडवातली लाईट गेली, माझा कॅसिओ मेला, आणि काकांनी काही न बोलता पेटीचा भाता सुरू केला आणि गाणं पुरं केलं. वर मला म्हणाले, 'बस रे, घाम पूस.' तेव्हा फार राग आला होता, आता हसू येतं.

तर सांगायचं ते हे, की आपल्याकडे तंत्रज्ञान आत्ता शिरत नाहीये. ते शंभर वर्षांपासून शिरतंय. आणि दर वेळी आपण यंत्रावर वाद घालतो, गाण्याचं आणि सिनेमाचं नाव लक्षात ठेवतो, आणि ज्या माणसानं ते यंत्र घेऊन रात्र रात्र डोकं खाजवलं त्याचं नाव विसरतो. विसरतो कसलं, मुळात लिहूनच ठेवत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे, चरणजित सिंग. किती वाचकांना माहीत असतील मला शंका आहे, मलाही खूप उशिरा कळलं. जन्म १९४०चा. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधे बेस गिटार, हवाईन गिटार आणि असली वेगवेगळी वाद्यं वाजवणारा माणूस, शंकर जयकिशन पासून आर. डी. बर्मन पर्यंत सगळ्यांकडे वाजवलेला. दम मारो दम मधला तो ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन, तो त्यांचा. गाणं १९७१चं, ते सगळ्यांना पाठ, पडद्यावर कोण आहे तेही माहीत, पण तो आवाज कुणाच्या बोटातून आला हे विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतील. मीही बसलो असतो.

तर या माणसानं ऐंशीच्या सुरुवातीला सिंगापूरहून रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं आणली. एक टीआर-८०८, म्हणजे ताल वाजवणारी पेटी. दुसरं ज्युपिटर-८, हा मोठा सिंथेसायझर, एकावेळी आठ सूर धरणारा. आणि तिसरं टीबी-३०३, चंदेरी रंगाची छोटीशी डबी, बेस वाजवणारी. यातली गंमत अशी की ही तिसरी डबी बनवली होती ती एकट्यानं प्रॅक्टिस करणाऱ्या गिटारवाल्यांसाठी, बेस गिटारवाला मिळाला नाही तर त्याच्या जागी ही लावा. म्हणजे चरणजित सिंग स्वतः ज्या कामावर पोट भरत होते तेच काम करायला निघालेलं यंत्र त्यांनी स्वतःच्या पैशानं विकत आणलं. आज एआयच्या नावानं छाती पिटणाऱ्यांनी हे जरा डोळ्यासमोर आणावं. माणूस घाबरला असेल का, माहीत नाही, पण त्यानं ती डबी घरी आणली आणि तिला भैरवी वाजवायला बसवलं.

१९८२ साली एचएमव्हीनं त्यांची एक रेकॉर्ड काढली, नाव 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग, एकेक साधारण पाच मिनिटांचा, तबला नाही, तानपुरा नाही, गायक नाही, फक्त ही तीन यंत्रं आणि एक माणूस. पुढे मुलाखतींमधे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलंय की तेव्हा सिनेमात डिस्कोच चालायचा, तर वाटलं रागांनाच डिस्कोचा ठेका देऊन बघू. बस, एवढंच. काही क्रांती वगैरे करायची नव्हती.

आता तेव्हाचं वातावरण आठवा, १९८०ला कुर्बानी येऊन गेला होता, १९८१ला नाझिया हसनचा डिस्को दीवाने घराघरात वाजत होता, आणि १९८२च्या डिसेंबरात डिस्को डान्सर आला. म्हणजे डिस्को म्हटलं की लोकांना गायला, नाचायला काहीतरी पाहिजे होतं. आणि या रेकॉर्डमधे गाणंच नाही! डिस्कोवाल्यांना ते शास्त्रीय वाटलं असणार आणि शास्त्रीयवाल्यांना थट्टा. ती कुणी घेतली नाही. चालली नाही, आणि विसरली गेली.

मी ती यूट्यूबवर ऐकली, बरीच वर्षं उशिरा, रात्री, हेडफोन लावून. पहिल्यांदा खरं सांगतो हसलो. माझ्याच जुन्या कॅसिओसारखं काहीतरी टिंगटिंग वाटलं. मग मालकंस लागला आणि हसणं थांबलं. खाली तो बेस सारखा फिरत राहतो, तेच तेच सूर, तेच तेच, पण मधेच एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतो, आणि ते घसरणं म्हणजे, कुणी रागावू नका, पण मींडच आहे. कच्ची, यंत्राची, पण मींड.

हे कसं होतं ते मी नंतर जरा शोधलं. त्या डबीत १६ घरं असतात, एकेका घरात एकेक सूर भरायचा. (१६! आपला तीनताल. जपानी इंजिनियरच्या डोक्यात तीनताल नक्कीच नव्हता, पण गंमत वाटली.) भरायची रीतही विचित्र, आधी सगळे सूर ओळीनं भरायचे आणि मग वेगळ्यानं त्यांचा वेळ भरायचा, म्हणजे बंदिशीचे स्वर एका वहीत आणि मात्रा दुसऱ्या वहीत लिहिल्यासारखं. लोक वैतागून सोडून द्यायचे. पण प्रत्येक घराला एक 'स्लाईड' नावाची खूण करता येते, ती केली की पुढचा सूर नव्यानं ठोकला जात नाही, आधीचाच सूर सरकत तिथे जातो. आता कोणत्या सुरावरून कोणत्या सुरावर सरकायचं आणि कुठे नाही सरकायचं, हे त्या डबीला कुणी सांगायचं? मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीत, मग षड्जावरून सरळ कोमल गंधारावर जाताना मधली मोकळी जागा कशी ओलांडायची हे ज्याच्या कानाला माहीत आहे तोच ती खूण योग्य घरात करणार. कंपनीच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं नव्हतं.

सगळी रेकॉर्ड मला आवडली असं नाही हं. तोडी मला फसलेली वाटते. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही खाली, अगदी जीव मुठीत धरून लावायचा असतो, आणि कीबोर्डावर तो जिथे खिळा ठोकलाय तिथेच वाजणार, त्यामुळे तोडीतलं ते आर्जव येतच नाही. ललत ऐकताना मात्र दोन्ही मध्यम लागोपाठ येतात तिथे मी मान हलवली, ती चुकून हलली असेल. भूपाळीबद्दल माझं मन बनत नाही. भूप, म्हणजे भूपाळीच, आणि देसकार, दोन्हीत तेच पाच सूर, सा रे ग प ध, फरक फक्त कुठे थांबायचं आणि कुठून वळायचं यात आहे, भूप गंधारावर रेंगाळतो आणि देसकार धैवतावर. यंत्राला पाच सूर दिले तर ते काय वाजवतंय हे यंत्राला कळत नाही, ते ठरवतो वाजवणारा. चरणजित सिंग यांच्या भूपाळीत खालचा बेस इतका गोल गोल फिरतो की कधी कधी धैवतावर जरा जास्तच वजन पडल्यासारखं मला वाटतं, पण ज्युपिटरवरची त्यांची बोटं परत गंधारावर येतात. जाणकारांनी मला चुकीचं ठरवावं, आनंद होईल, निदान कुणीतरी ते ऐकलं असं तरी होईल.

पुढची गोष्ट आता बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते पण मराठीत मी फारशी वाचली नाही. ती टीबी-३०३ डबी दुकानात आपटली, १९८४ पर्यंत कंपनीनं बनवणंच बंद केलं, साधारण १० हजार बनल्या होत्या. बेस गिटारसारखी ती अजिबात वाजत नव्हती ना. मग अमेरिकेत सेकंडहँड मालात स्वस्तात मिळायला लागली, शिकागोतल्या पोरांनी उचलली, बटणं वेडीवाकडी पिळली आणि १९८७ला फ्युचर नावाच्या ग्रुपची एक रेकॉर्ड आली, तिच्यापासून 'अॅसिड हाऊस' नावाचा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा सगळा प्रकार सुरू झाला असं मानतात. जगभर क्लबमधे वाजला. आणि मग २००२ मधे एदो बाऊमन नावाच्या एका डच संग्राहकाला दिल्लीत चरणजित सिंग यांची ही जुनी रेकॉर्ड सापडली, त्यानं लावली, आणि हा माणूस चक्रावला, कारण शिकागोच्या पाच वर्षं आधी, तीच डबी, तोच ठेका, आणि वर राग भैरवी! त्यानं पुढे मुंबईत येऊन चरणजित सिंग यांना शोधून काढलं आणि २०१०ला ती रेकॉर्ड परत काढली. मग सत्तरीतला हा माणूस युरोपात जाऊन तरुण पोरांसमोर ती वाजवायला लागला. २०१५च्या जुलैमधे ते मुंबईत गेले.

काही जण म्हणतात की अॅसिड हाऊस भारतात जन्मलं. ते मला पटत नाही, शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकलेलीच नव्हती, त्यांनी आपल्या डोक्यानं केलं, यांनी आपल्या डोक्यानं केलं. उगाच 'आमच्याकडे आधीच होतं' हा सूर लावायला नको, विमानापासून सगळ्यात आपण तो लावतो. मला त्यात दुसरंच टोचतं. दिल्लीत ती रेकॉर्ड त्या डच माणसाच्या हातात पडली नसती तर? चरणजित सिंग मुंबईतच राहत होते की. लपलेले नव्हते. कार्यक्रम करत होते, वाजवत होते. १९८२ ते २०१० म्हणजे २८ वर्षं, आणि त्या काळात आपल्यापैकी, म्हणजे मी, तुम्ही, आपले समीक्षक, रेडिओ, कुणालाही या माणसाच्या घरी जाऊन 'हे तुम्ही कसं केलंत हो' असं विचारावंसं वाटलं नाही.

आणि हे एकच असतं तर योगायोग म्हटलं असतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत, एनआयडीत, १९६९ साली मूग नावाच्या अमेरिकन कंपनीचा सिंथेसायझर आला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा, आय. एस. मथूर, एस. सी. शर्मा अशा लोकांनी त्यावर काम केलं, टेप भरल्या. १९६९! त्याच सुमाराला जगात असे स्टुडिओ मोजकेच. आणि मग त्या टेप कपाटात पडून राहिल्या, चार दशकांहून जास्त, आणि त्या शोधून काढल्या कुणी तर ब्रिटनहून आलेल्या पॉल पर्गस या कलाकारानं, आणि २०२३ला त्या रेकॉर्डच्या रूपात बाहेर आल्या. परत तेच. कपाट आपलं, धूळ आपली, आणि किल्ली बाहेरच्याच्या हातात.

आणखी मागे जायचं तर नागिन घ्या, १९५४. ती बीन. आजही नाग म्हटलं की तीच धून, वरातीत माणसं रुमाल तोंडात धरून त्यावर जमिनीवर लोळतात. ती बीन नाहीये! ती क्लॅव्हियोलिन आहे, दिव्यांच्या व्हॉल्व्हवर चालणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी, आणि वाजवली कल्याणजींनी, जे तेव्हा कल्याणजी आनंदजी झालेले नव्हते, संगीतकार हेमंतकुमार यांच्याकडे वादक होते. जोडीला हार्मोनियमवर रवी, तेही पुढे संगीतकार झाले. म्हणजे आपल्या देशातला सगळ्यात प्रसिद्ध 'पारंपरिक' आवाज हा मुळात विजेवर चालणाऱ्या यंत्रातून आलेला आहे. ही दोन नावं आपल्याला माहीत आहेत ती का, तर दोघं पुढे मोठे संगीतकार झाले म्हणून. वादकच राहिले असते तर? केर्सी लॉर्ड यांचं नाव घ्या, सत्तरच्या दशकात मुंबईच्या रेकॉर्डिंगमधे मूग आणणारे ते, अकॉर्डियन वाजवणारे, अरेंजर. किती लोकांना ठाऊक आहेत? रेकॉर्डच्या कव्हरवर नट, नटी, दिग्दर्शक, संगीतकार, गायक, गीतकार. वादकाचं नाव कुठंच नाही. त्याला सिटिंगचे, टेकचे पैसे मिळाले, विषय संपला.

रागराग करणाऱ्यांचाही इतिहास जुना आहे म्हणा. पेटीला आकाशवाणीवर १९४० ते १९७१ बंदी होती, कारण काय तर तिच्यात मींड निघत नाही आणि श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, नाहीत. खरं आहे, नाहीच निघत. पण आपली अख्खी संगीत नाटकं त्या पेटीवर आणि ऑर्गनवर, म्हणजे पायपेटीवर उभी राहिली, मानापमानच्या चाली १९११ला देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे बादशहा. तेव्हा ती परदेशातून आलेली यंत्रंच होती, आज ती 'आपली परंपरा' आहे. १९७९ला बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा केला तेव्हाही नाकं मुरडली गेली, ते स्वतः बासरीवाले आणि इंजिनियर, त्यांना तानपुऱ्याची साथ करायला माणूस मिळत नव्हता ही साधी अडचण. आज रियाझाला बसणाऱ्या पोरांच्या मोबाईलात तानपुरा आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, ते बघा, बेंजो पार्टीत ढोलकीच्या शेजारी ऑक्टोपॅड नसेल तर लोक सुपारी देत नाहीत, आणि ते रोलंडचंच वाद्य, १९८५चं, त्याच कंपनीचं जिची ती चंदेरी डबी. त्यावर आपल्या पोरांनी हलगीचे, संबळचे आवाज भरले, कंपनीनं दिलेले आवाज काढून टाकले. कुणी भरले पहिल्यांदा? मला माहितीये की तुमच्या ऑफिसात याचं उत्तर कुणाकडे नाही, माझ्याकडेही नाही.

आता एआयवर येतो, कारण तुम्ही म्हणाल हा जुन्या गोष्टी उगाळत बसलाय. कंप्युटरनं चाल रचणं हे १९५७चं प्रकरण आहे, इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅकसन या दोघांनी कंप्युटरकडून चार तंतुवाद्यांसाठीची रचना करून घेतली होती, तेव्हा त्यात नवं काही नाही. नवं हे आहे की आताचं मशीन आधी कुणीतरी वाजवलेलं ऐकून शिकतं, हजारो तासांचं, लाखो तासांचं, आणि मग त्याच्यासारखं करतं. म्हणजे त्या दम मारो दमच्या ट्रान्झिकॉर्डसारखं काहीतरी काढून दे म्हटलं तर ते कदाचित काढून देईल. मग प्रश्न येतो की परवानगी कुणाची घ्यायची?

२०२४च्या जानेवारीत ए. आर. रहमान यांनी लाल सलाम सिनेमातल्या एका गाण्यासाठी बांबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचा आवाज एआयनं उभा केला, आणि जाहीर सांगितलं की घरच्यांची परवानगी घेतलीये आणि त्यांना मोबदलाही दिलाय. त्यावर उलटसुलट लिहून आलं, तुमच्याकडेही आलं असेल. मला स्वतःला गेलेल्या माणसाचा आवाज ऐकताना कसंतरीच होतं, तो माझा प्रश्न. पण परवानगी घेता आली कशामुळे? नाव माहीत होतं म्हणून! गायक म्हणून त्यांचं नाव छापलेलं होतं, घर माहीत होतं, घरचे माहीत होते. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशानं रोखलं, तिथेही तेच, आवाज कुणाचा याबद्दल वादच नव्हता. आता मला सांगा, १९७४च्या कुठल्या तरी गाण्यातल्या मागच्या बेस गिटारचा कोर्टात वाली कोण? त्या वादकाच्या बायकोनं, मुलीनं जाऊन सांगितलं की हे माझ्या बाबांचं वाजवणं आहे, तर पुरावा काय दाखवणार? कव्हरवर नाव नाही, रजिस्टर कुणी ठेवलं नाही, आणि ठेवलं असलं तरी स्टुडिओ पाडून तिथे टॉवर झालाय.

म्हणून मला एआयची भीती वाटते ती लेखात लिहिल्याप्रमाणे नाही. मशीन चाली लावू दे की. कुणीतरी चरणजित सिंगसारखा डोकेबाज ते मशीन घरी नेईल आणि ज्यासाठी बनवलं नाही तेच त्याच्याकडून करून घेईल, आत्ताही कुठेतरी करत असेल, आणि आपण त्याला हसत असू. माझी तक्रार एवढीच आहे की जे आधी करून गेले त्यांचं बिननावाचं काम या मशीनच्या पोटात एकदा गेलं की मग ते कधीच कुणाचं म्हणून ओळखू येणार नाही, आणि आपण ते ओळखून लिहून ठेवायला अजून सुरुवातही केलेली नाही.

तर माझी सूचना. पुरवणीत एआयवर अजून दहा लेख येतील ते येऊ द्यात, पण त्यातली अर्धी जागा, नाही तर पाव, मला द्या. मला म्हणजे मला नव्हे, या लोकांना. ज्यांनी सत्तर, ऐंशी, नव्वदच्या दशकात मुंबई पुण्याच्या स्टुडिओत, ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत पहिला सिंथेसायझर, पहिली रिदम मशीन, पहिला ऑक्टोपॅड वाजवला त्यातले बरेच आज सत्तरी ऐंशीत आहेत. दर आठवड्याला एकाकडे वार्ताहर पाठवा. यंत्र कुठून आणलं, कस्टमवाल्यांनी काय त्रास दिला, पहिल्यांदा लावल्यावर घरचे काय म्हणाले, कुठल्या गाण्यात कुठला आवाज त्यांचा, हे विचारा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. गाण्याचं नाव, साल, वाद्य, वाजवणारा, असं चार रकान्यांचं एक साधं टेबल दर आठवड्याला छापा. वाचक चुका काढतील, भांडतील, पत्रं लिहितील, तेच तर पाहिजे. आणि गाण्याचं परीक्षण छापताना, नवं असो की जुनं, प्रोग्रामिंग कुणी केलं, कुणी कुणी वाजवलं हे शेवटी दोन ओळीत देत जा, सिनेमाच्या परीक्षणात कॅमेरामनचं नाव देता ना, तसंच. रेकॉर्ड कंपन्यांना मी सांगून ते ऐकणार नाहीत, पण पेपरात रोज छापून यायला लागलं तर त्यांना लाज वाटायला लागेल, किंवा नाही वाटणार, बघू.

यात खर्च नाही. दुसऱ्या कुठल्या देशातून कुणी येऊन आपलं कपाट उघडेल याची वाट बघण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, नाव त्यांना विचारल्याशिवाय इथे लिहीत नाही. पंचाहत्तरीचे आहेत, ऑर्केस्ट्रात रिदम मशीन वाजवायचे, ते मशीन अजून त्यांच्या पलंगाखाली खोक्यात आहे, चालू स्थितीत, त्यांनी मला गेल्या दिवाळीत लावून दाखवलं, बारीकसा धूर आला पण चाललं. ते बोलायला तयार आहेत, बोलायला लागले की थांबत नाहीत हे आधीच सांगून ठेवतो. माझा नंबर आणि पत्ता तुमच्या कार्यालयात वेगळ्या कागदावर दिलाय. वार्ताहर पाठवणार असाल तर दुपारी चारनंतर पाठवा, त्याआधी ते झोपतात, आणि त्याला म्हणावं एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन ये, त्या मशीनची वायर फार आखूड आहे.

आपला,
एक जुना 'कॅसिओवाला' वाचक